एवढे पैसे घालून झोपायला जायचं का?

डॉक्टरताई, स. न. वि. वि.

आम्ही पुण्यात, पिंपळे सौदागरला राहतो. घरात मी, मिस्टर, आठ वर्षांची मुलगी आणि बहात्तर वर्षांच्या सासूबाई. आम्ही दोघंही नोकरी करतो. मे महिन्याच्या मध्यावर अकोल्याला माझ्या चुलत दिरांच्या मुलीचं लग्न आहे, मुहूर्त दुपारी सव्वाबाराचा. सासूबाईंना बीपीच्या दोन गोळ्या चालू आहेत, त्यातली एक लघवीवाटे पाणी काढणारी आहे. लग्न आटोपलं की तिथूनच राजस्थानला जायचं असं मिस्टरांनी ठरवलंय. सात दिवसांत जयपूर, जोधपूर, जैसलमेर आणि उदयपूर. ऑफ सीझन असल्याने हॉटेलं निम्म्या दरात मिळतायत, असं त्यांचं म्हणणं. मागच्या मे महिन्यात आम्ही हिमाचलला सहा दिवसांत पाच गावं केली. परत आलो तेव्हा मुलीला ताप, सासूबाईंचे पाय सुजलेले, आणि मला ऑफिसात बसल्या बसल्या रडू यायचं. या वेळी मी म्हटलं, एकाच ठिकाणी राहू या. तर मिस्टर म्हणाले, "एवढे पैसे घालून काय झोपायला जायचं?"

उन्हाचा त्रास होऊ नये म्हणून सगळ्यांना रोज ओआरएस देऊ का? जाऊबाई म्हणतात, खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही. एसीतून एकदम उन्हात गेलं तर काय होतं? मुलीला आंबा किती द्यावा? आणि राजस्थानला जावं की नको?

– एक वाचक, पुणे

सप्रेम नमस्कार.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात सोपं आहे, म्हणून ते आधी देते. मे महिन्यात राजस्थानला जाऊ नका. जोधपूरहून जैसलमेरला जाणाऱ्या रेल्वेमार्गावर फलोदी नावाचं गाव आहे. तिथे १९ मे २०१६ ला पारा ५१ अंशांवर गेला होता. रोज काही तो तिथवर जात नाही हे खरं, पण चाळिशीच्या पुढे जाणं हे त्या भागात मे महिन्याचं नेहमीचं वागणं आहे. हॉटेलं निम्म्या दरात मिळतात ती याच कारणाने. आठ वर्षांची मुलगी आणि बहात्तर वर्षांच्या आजी यांना घेऊन जैसलमेरचा किल्ला चढायचा असेल तर डिसेंबर-जानेवारीत जा. तेव्हा रात्री अंगावर स्वेटर लागतो आणि दिवसा उन्हात बसावंसं वाटतं. पैसे जास्त जातील, पण निदान बघायला गेलेलं बघून तरी याल. मेमध्ये सकाळी अकरा ते संध्याकाळी पाचपर्यंत हॉटेलच्या खोलीतच बसायचं आहे. मिस्टरांचा झोपण्यावर आक्षेप असेल तर त्यांनी याचाही विचार करावा.

लग्न मात्र चुकवता येणार नाही आणि चुकवूही नये. विदर्भात भर उन्हाळ्यात, भर दुपारच्या मुहूर्तावर लग्नं लागत आली आहेत आणि माणसं ती सुखरूप पार पाडत आली आहेत. पण ती माणसं तिथली आहेत. तुम्ही पुण्याच्या आहात, हा फरक समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं आपोआप सुचेल.

अंगाची त्वचा साधारण ३५ अंशांवर असते. बाहेरची हवा त्याहून थंड असेल तोवर शरीरातली उष्णता हवेत निघून जाते. हवा ४४ अंशांवर गेली की उलटं होतं, हवाच अंगाला तापवायला लागते. मग शरीराकडे एकच उपाय उरतो, घाम. तोही नुसता येऊन भागत नाही, तो वाळला पाहिजे. माठ पाझरतो आणि वाऱ्याने ते पाणी उडून जातं, म्हणून आतलं पाणी गार होतं. अंगाचंही तसंच. अकोल्याची हवा कोरडी, त्यामुळे घाम येतो आणि क्षणात उडून जातो. कपडे ओले होत नाहीत, कपाळ निथळत नाही, आणि पुण्या-मुंबईच्या माणसाला वाटतं, "इथे घाम तर येतच नाहीये, म्हणजे फार काही नाही." घाम भरपूर येत असतो, तो दिसत नाही एवढंच. पाणी कमी पडलंय हे संध्याकाळी डोकं ठणकायला लागल्यावर किंवा उन्हाळी लागल्यावर कळतं.

दुसरी गोष्ट सवयीची. उष्णतेची सवय व्हायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात. तेवढ्या काळात घाम लवकर सुटायला लागतो, जास्त येतो आणि त्यातून मीठ कमी जातं. अकोल्याच्या तुमच्या नातेवाइकांचं शरीर मार्चपासून हे शिकत आलंय. तुम्ही रात्रीच्या गाडीने जाऊन सकाळी उतराल आणि दुपारी त्यांच्यासारखंच मांडवात धावपळ करायला जाल. ते करू नका. दिराच्या मुलीचं लग्न म्हणजे तुम्ही घरच्या, कामं अंगावर येणारच. पण बाहेरची कामं सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी सहानंतरची घ्या. मधल्या वेळात बसून करायची कितीतरी कामं असतात : अहेराच्या याद्या, रुखवताची मांडणी, पाहुण्यांच्या खोल्यांच्या किल्ल्या. ती मागून घ्या. आणि आत्तापासून लग्नापर्यंत जे दिवस मिळतील त्यांत रोज संध्याकाळी एसी-पंख्याबाहेर अर्धा-पाऊण तास चालत जा. त्याने पूर्ण सवय होणार नाही, पण अगदी कोरी पाटी घेऊनही जाणार नाही.

एसीच्या प्रश्नाचं उत्तर इथेच येतं. एसीतून उन्हात गेलं की काहीतरी भयंकर होतं, ही भीती फार पसरली आहे. एकदा-दोनदा ये-जा केल्याने निरोगी माणसाला धाप, चक्कर यापलीकडे सहसा काही होत नाही. खरं नुकसान वेगळं आहे. दिवसभर एकोणीस अंशांत बसणाऱ्याच्या शरीराला सवय लागायला संधीच मिळत नाही. एसी २५-२६ वर ठेवा. अकोल्यात तर वाळ्याच्या ताट्या लावलेला कुलर एसीपेक्षा वाईट नाही. कोरड्या हवेत तो उत्तम चालतो. मुंबईत आणि कोकणात तोच कुलर निरुपयोगी, कारण हवेत आधीच पाणी आहे. नुसता पंखा मात्र चाळीस अंशांच्या वर भरवशाचा नाही, तो गरम हवाच अंगावर फेकत राहतो. अशा वेळी ओला पंचा अंगावर घेऊन पंख्याखाली बसावं.

आता लग्नाचा दिवस. मुहूर्त सव्वाबाराचा असला तरी सगळ्यात वाईट वेळ बाराची नसते. जमीन तापते, मग हवा तापते, आणि पारा सगळ्यात वर जातो तो दुपारी तीन-चारच्या सुमाराला. म्हणजे अक्षता पडल्या, पंगत उठली आणि "चला, आता घरी जाऊन पडू" म्हणत लोक बाहेर निघतात ती नेमकी तीच वेळ. सासूबाईंना सकाळी दहापर्यंत कार्यालयात पोचवा आणि संध्याकाळी ऊन उतरेपर्यंत तिथून हलवू नका. त्यासाठी आत्ताच दिरांना फोन करून कार्यालयातली एक खोली, कुलर आणि गादीसकट, घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी मागून ठेवा. मुलीचं लग्न असलेल्या घरात ऐन वेळी काही मागायला संकोच वाटतो, आधी मागायला वाटत नाही. पत्र्याच्या मांडवाखाली बसवू नका. वरातीपुढे नाचणाऱ्यांना नाचू दे, सासूबाईंनी आणि नातीने आतच थांबावं. जरीची साडी अक्षतांपुरती, आधी आणि नंतर सुती. तुम्हालाही हेच लागू आहे, पैठणी नेसून मिरवायची हौस असेल तर संध्याकाळच्या स्वागत समारंभाला नेसा.

बाहेर पडावंच लागलं तर तिथल्या मुली डोक्याला, कानाला, तोंडाला पांढरा सुती दुपट्टा बांधून गाडीवर जातात, तसा बांधा. पुण्यातही आपण बांधतो, पण धुळीसाठी. तिथे तो उन्हासाठी असतो. जमल्यास ओला करून.

कांद्याचं सांगते. खिशातला कांदा उन्हापासून वाचवत नाही. जेवणात कच्चा कांदा जरूर खा, चवीला चांगला आणि घशाखाली दोन घास जास्त जातात. वऱ्हाडात ऊन लागलेल्याच्या अंगाला उकडलेल्या कैरीचा गर चोळतात, तळपायाला कांद्याचा रस चोळतात. त्याने थोडं बरं वाटतं ते अंग ओलं झाल्याने. ओल्या पंचाने तेच काम जास्त चांगलं होतं. जाऊबाईंशी यावरून वाद घालू नका, कांदा खिशात राहू दे. फक्त त्याच्या भरवशावर कोणी दुपारी दोनला चपला घालायला नको.

ओआरएस रोज द्यायचं नाही. तुमच्या घरात सगळ्यात मोठी चूक याच बाबतीत होऊ शकते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. ओआरएस हे औषध आहे. जुलाब, उलट्या किंवा उन्हात खूप घाम जाऊन आलेला थकवा यांसाठी. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे एक लिटरच्या पुडीत २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सोडियम सायट्रेट असतं. त्यातलं सोडियम मोजलं तर सव्वासतराशे मिलिग्रॅमच्या आसपास भरतं. निरोगी मोठ्या माणसाने दिवसभरात सगळं मिळून दोन हजार मिलिग्रॅमच्या आत सोडियम घ्यावं, असं तीच संघटना सांगते. म्हणजे बीपी असलेल्या सासूबाईंनी रोज एक लिटर ओआरएस प्यायलं, तर जेवणाआधीच त्यांचा दिवसाचा कोटा संपत आला. शिवाय त्यांची एक गोळी मीठ-पाणी बाहेर काढणारी. एका हाताने काढायचं आणि दुसऱ्या हाताने अंदाजाने घालायचं, असा खेळ वयस्कर माणसाबरोबर नको.

पिशवीत दोन-तीन पुड्या असू द्या. लागल्या तर अख्खी पुडी एक लिटर पाण्यातच कालवायची. पेलाभर पाण्यात चिमूट-चिमूट टाकत बसायचं नाही, त्याने प्रमाण बिघडतं. चोवीस तासांत उरलेलं फेकून द्यायचं. पुडी नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. दुकानात रंगीत खोक्यांतून 'ओआरएस' नाव लावून जी गोड पेयं विकत होते, ती ओआरएस नव्हतीच. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांना ते नाव वापरायला बंदी केली. तरी जुना माल किंवा मिळतंजुळतं नाव दिसलं तर पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलेलं आहे का, तेवढं वाचा.

मग रोज काय? साधं पाणी, आणि तहान लागायची वाट न बघता. वय वाढलं की तहानेची जाणीव बोथट होते. सासूबाई "मला नकोय गं" म्हणतील ते खरंच, त्यांना वाटतच नसतं. शिवाय लग्नात बायका मुद्दामच पाणी कमी पितात, हे तुम्हाला मी वेगळं सांगायला नको. कार्यालयातली मोरी घाण, लांब, साडी आवरायची कटकट. म्हणून खोली मागताना तिला लागून न्हाणीघर आहे का तेही विचारा. माझ्या मते उन्हाळी लग्नांत बायकांना होणाऱ्या त्रासाचं मोठं कारण सूर्य नाही, ही मोरी आहे. लघवीचा रंग फिकट पिवळा राहिला की पाणी पुरतंय. गडद, कमी किंवा जळजळ करणारी झाली की पुरत नाही.

पाण्याच्या जोडीला पातळ ताक, कैरीचं पन्हं, कोकम सरबत, सब्जा घातलेलं लिंबाचं पाणी, नाचणीची आंबील. पन्ह्यात गूळ बेताने. मुलीला उसाचा रस हवा असेल तर बिनबर्फाचा. गाड्यावरचा बर्फ खाण्यासाठीचा असेलच असं नाही, खाण्याचा नसलेल्या बर्फात निळा रंग घालायचा नियम आहे, पण तो किती जण पाळतात ते तुम्हीच बघा. आंबा उष्ण पडतो म्हणून मुलीला आंब्यापासून तोडू नका. उन्हाळ्यात मुलांना येतात ती गळवं आणि घामोळं घाम आणि अस्वच्छतेने येतात, दोष आंब्याच्या माथी जातो. दिवसाला एक-दोन आंबे खुशाल खाऊ द्या. लग्नघरात मला जास्त भीती वाटते ती दुपारच्या बासुंदीची आणि संध्याकाळी पुन्हा वाढलेल्या मठ्ठ्याची. त्या उकाड्यात दुधाचे पदार्थ तासाभराहून जास्त बाहेर राहिले की नको म्हणा, यजमान रागावले तरी.

सासूबाईंच्या गोळ्या स्वतःहून बंद किंवा कमी करू नका. पण त्यांच्या डॉक्टरांना भेटून स्पष्ट विचारा : "आम्ही अकोल्याला मे महिन्यात चार दिवस आहोत, ही पाणी काढणारी गोळी याच मात्रेत ठेवायची का? पाणी किती प्यायचं? उभं राहिल्यावर चक्कर आली तर काय करायचं?" काही गोळ्यांनी घाम कमी येतो, काहींनी हृदयाची गती वाढायला आडकाठी येते. कोणती गोळी कोणासाठी बदलायची हे पत्रातून सांगण्यासारखं नाही. बीपी मोजायचं यंत्र घरी असेल तर सोबत न्या.

आता ते वाचा, जे मला लिहायला आवडत नाही, पण फ्रिजवर लावून ठेवावंसं आहे. डोकं दुखणं, मळमळ, पोटऱ्यांत गोळे, भरपूर घाम, गळून जाणं, एवढ्यावर असेल तोवर सावली, पाणी, ओआरएस आणि आडवं पडणं पुरतं. पण माणूस असंबद्ध बोलायला लागला, झोकांड्या जायला लागल्या, ओळखेना, आकडी आली, अंग भाजल्यासारखं तापलं, तर तो उष्माघात. शरीराचं तापमान ४० अंशांवर, म्हणजे १०४ च्या पुढे गेलेलं असतं. अंग कोरडंच असेल असं नाही, घामाने ओलंही असू शकतं. १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत थांबू नका, तिथेच गार करायला लागा. सावलीत आणा, कपडे सैल करा, बादलीने अंगावर पाणी ओता, वारा घाला, काखेत, मानेला, जांघेत कापडात गुंडाळलेला बर्फ ठेवा. पूर्ण शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जातं. तापाची गोळीही देऊ नका, हा ताप त्या जातीचा नाही. साड्या खराब होतील, पाहुणे बघतील, असले विचार तेव्हा आडवे येतात. येऊ देऊ नका.

आणि हे फक्त विदर्भातच होतं असंही समजू नका. १६ एप्रिल २०२३ ला नवी मुंबईत खारघरच्या उघड्या मैदानावर झालेल्या सोहळ्यात उष्माघाताने चौदा जण गेले. त्या दिवशी पारा ३८ अंशांच्या आसपास होता, अकोल्याचे लोक हसले असते. पण समुद्राजवळच्या दमट हवेत घाम वाळत नाही. म्हणूनच हवामान खातं सपाट प्रदेशात उष्णतेच्या लाटेचा विचार ४० अंशांपासून करतं आणि किनाऱ्यावर ३७ पासून.

इथवर तुमचे प्रश्न संपले. पण तुमचं पत्र मी पुन्हा वाचलं तेव्हा लक्षात आलं की त्यात सासूबाईंच्या गोळ्या आहेत, मुलीचा आंबा आहे, मिस्टरांचं बजेट आहे. तुमच्याबद्दल एकच वाक्य आहे, ऑफिसात रडू येत होतं. आणि त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह नाही. त्याबद्दल तुम्ही काहीच विचारलेलं नाही, तर मी न विचारता सांगते.

सहा दिवसांत पाच गावं म्हणजे पाच वेळा बॅगा भरणं आणि पाच वेळा सोडणं. ते कोणी केलं? मुलीचे ओले कपडे, सासूबाईंची गोळ्यांची डबी, चेक-आउटची वेळ, डोंगरातल्या वळणावरची उलटी आणि त्याआधी घेतलेली प्लास्टिकची पिशवी. तुम्ही दमलात ती प्रवासाने नाही दमलात. घरातली नोकरी तुम्ही चालत्या गाडीत केलीत, तेही मोलकरणीशिवाय. सासूबाईंचे पाय सुजले ते बहुधा तासन्‌तास पाय खाली सोडून बसल्याने. पुन्हा सुजले, आणि विशेषतः एकच पाय सुजला किंवा धाप लागली, तर मात्र प्रवासाच्या डोक्यावर ढकलू नका, तपासून घ्या.

मिस्टरांच्या वाक्याला माझ्याकडे उत्तर आहे : हो, झोपायलाच जायचं. नेदरलँड्समध्ये दीड हजारांहून जास्त लोकांवर झालेला एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. सुट्टीवर जाऊन आलेले लोक आणि घरीच राहिलेले लोक, परत आल्यानंतर कोण जास्त आनंदी? फरकच सापडला नाही. अपवाद एकच गट, ज्यांनी आपली सुट्टी "अगदी निवांत" गेली असं सांगितलं ते. मजेचा बराचसा भाग निघण्याआधीच्या वाट बघण्यात होता. मिस्टर हिशोबी आहेत असं दिसतं, तर त्यांच्याच भाषेत सांगा. धावपळीच्या सुट्टीत घातलेले पैसे परत येत नाहीत, निवांत सुट्टीतले थोडे तरी येतात.

आणि तुम्ही अकोल्याला जाणारच आहात, तर निवांत जागा हाताशी आहे. चिखलदरा. अकोट, अंजनगाव, परतवाडा असा रस्ता धरला तर साधारण साडेतीन-चार तास. पहाटे निघा, ऊन चढायच्या आत घाटावर असाल. समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरच्या आसपास उंची, म्हणजे अकोल्यापेक्षा आठशे मीटर वर. हजार मीटरला साडेसहा अंश हा ढोबळ हिशोब लावला तर पाच-एक अंश कमी. सिमल्यासारखा गारठा मिळणार नाही, दुपार तिथेही तापतेच, पण संध्याकाळी वारा सुटतो आणि रात्री पांघरूण लागू शकतं. मुलीला आधीच सांगून ठेवा, मे महिन्यात तिथले धबधबे कोरडे असतात. त्या बदल्यात कीचकाची गोष्ट सांगा, भीमाने त्याला मारून याच दरीत टाकलं म्हणतात. गाविलगड आहे, कॉफीचे मळे आहेत. आणि चौफेर मेळघाट, १९७३ साली देशात पहिले नऊ व्याघ्रप्रकल्प झाले, त्यातला एक. उन्हाळ्यात जनावरं पाणवठ्यावर येतात, पहाटेची एक जंगल सफारी मुलीसाठी करा. वाघ दिसला नाही तर नाही.

चार रात्री, एकच हॉटेल, तळमजल्याची खोली. सासूबाईंना जिना नको. दिवसात बाहेर एकच फेरी, तीही सकाळी दहाच्या आत किंवा साडेपाचनंतर. दुपारी पडदे ओढायचे आणि आडवं व्हायचं. आपल्या आजोळी मे महिन्यात काय होत होतं? सकाळी आमरायांत, दुपारी सक्तीने माजघरात, संध्याकाळी पुन्हा अंगणात. दुपारी बाहेर पडलेल्या पोराला धपाटा मिळत होता. तेव्हाच्या मोठ्या माणसांना सुट्टी आखायची अक्कल होती, असं मला आता वाटतं. अर्थात त्या दुपारीही स्वयंपाकघरात कोणीतरी वाळवणं आणि चहा बघत होतंच, ते तेवढं उचलू नका.

म्हणून निघण्याआधी दोन कामं मिस्टरांच्या नावावर करा, तोंडी नाही, कागदावर. आईच्या गोळ्या सकाळ-संध्याकाळ तेच देतील. जेवायला काय आणि कुठे, हे चारही दिवस तेच ठरवतील, आणि तुम्ही "तिथे नको, इथे जाऊ" म्हणणार नाही. हे दुसरं तुम्हाला जड जाईल. पहिल्या दिवशी मुलगी कुठेतरी न आवडणारी भाजी पुढ्यात घेऊन बसेल, बसू द्या. ऑफिसचं मेल फोनवरून काढून टाका, नुसतं आवाज बंद करून चालत नाही, लाल आकडा दिसला की बोट तिकडे जातंच. आणि परत पुण्याला शुक्रवारी किंवा फार तर शनिवारी या. रविवारी रात्री अकराला दार उघडून सोमवारी नऊला लॉग-इन करणं, यात मागचे चार दिवस वाया जातात.

एक गोष्ट मला जरा काळजीची वाटते. सुट्टीवरून आल्यावर चार-दोन दिवस रडू येणं ही दमणूक असू शकते. पण ते आठवड्यांवर गेलं असेल, झोप लागत नसेल किंवा एरवीही तसं होत असेल, तर चिखलदऱ्याची हवा त्यावर पुरणार नाही. तुमच्या फॅमिली डॉक्टरांशी बोला, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या, आणि गरज वाटली तर समुपदेशकाकडे जा. हे सुट्टीआधी झालं तर बरं.

राजस्थानच्या बुकिंगचे पैसे अजून भरले नसतील असं धरते. भरले असतील तर तारीख पुढे ढकलून हिवाळ्यातली मिळते का विचारा, बरीच हॉटेलं ऑफ सीझनला हे करून देतात. सासूबाईंच्या डॉक्टरांची वेळ मात्र याच आठवड्यात घ्या. गोळीची मात्रा बदलली तर ती मानवते का हे बघायला पुण्यात आठ-दहा दिवस हातात हवेत.

– तुमची डॉक्टरताई